बैलावरून माणूस ओळखला त्याची हकीकत

चकलांब्याचे आमचे थोरले जावई तात्याबा दाजी यांना मेव्हणा धुळाजीचा पायांवर डोकं ठेवून रामराम. इकडे सगळे खुशाल आहोत. (मेंढरं मात्र अजून दुष्काळातच आहेत, अंगावर मांस चढत नाही.) केशरअक्काची कंबर आता कशी आहे? भाऊबीजेला तुमच्या ओसरीवरच्या घोंगडीवर अशी झोप लागली की घरी येऊन आमच्या कारभारणीजवळ, अंजनाजवळ, तारीफ केली. तिनं विचारलं, काठ कसा होता? मी म्हणालो, मी झोपायला गेलो होतो, काठ बघायला नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती ऐकून तुमची छाती फुगेल. दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीत मी गाय घेऊन राहिलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. छावणीत माणसाला नाव नसतं, जनावरावरून ओळख. मी बांड्या गायीवाला. पलीकडे एक सालगडी, कपाळावर चांद असलेला बैल घेऊन. त्यानं थंडीत माझ्याकडून घोंगडी उधार घेतली, चाळीस रुपयांची. म्हणाला, "पैसे बैलाचा मालक देईल." मी बैल शिंगापासून शेपटीपर्यंत बघून घेतला आणि घोंगडी दिली. छावणी मोडली, सालगडी गेला, मालकाचं नावगाव विचारायचं राहिलं. (हसू नका. अख्ख्या छावणीत कुणी विचारत नव्हतं.)

त्या घोंगडीची लोकर अंजनानं कातलेली. त्या पैशांत तिला लोकर सोसायटीचा शेअर घ्यायचा होता, म्हणजे लोकर तिच्या नावावर जाईल आणि पैसा तिच्या हातात येईल. पैसे बुडाल्यावर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. मला ते फार लागलं. शेवटी बीडला वकील गाठला. त्यांनी विचारलं, दावा कुणावर? मी बैलाचं सगळं वर्णन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. "कोर्टाला माणूस लागतो, त्याच्या बापाचं नाव लागतं. बैलावर समन्स निघत नाही. आधी माणूस ओळखून या." (फी मात्र बैलाच्या वर्णनाचीसुद्धा घेतली.)

मग कपिलधारच्या जत्रेत लिंबाखाली तोच बैल दिसला. जवळ जाऊन कपाळावर हात ठेवला तर त्यानं माझा हात चाटला. एवढ्यात मालक आले, आणि मालक कोण, तर लोकर सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव. मी मागं फिरलोच होतो, खोटं कशाला सांगू. पण अंजनाचं तोंड आठवलं आणि चार माणसांत विचारलं, "मालक, बैल तुमचा हाय का?"

"हाय की. कावून?"

"मंग घोंगडीचे चाळीस रुपये द्या."

ते म्हणाले, कसली घोंगडी. मी बैलाच्या गळ्याच्या पोळीखालचा पांढरा ठिपका आणि मागच्या पायाचा डाग न बघता सांगितला. लोक म्हणाले, माणूस खरा दिसतो. सोसायटीची निवडणूक तोंडावर. अर्जुनरावांनी गुमान खिशात हात घातला.

दाजी, आमच्या घराण्यात चेअरमनकडून वसुली करणारा मी पहिलाच. अंजनानं शेअर घेतला, सही करायला शिकली, आणि आता गावभर माझी हकीकत तीच सांगते. ते ऐकायला मी मुद्दाम पाराजवळून जातो.

आपला आज्ञाधारक,
धुळाजी

ता. क. : काल अर्जुनराव घरी आले. चहा घेतला, शांतपणे म्हणाले, "बैल आपला हाय, पर म्या तो औंदा दसऱ्याला घेतलाय. छावणीत व्हता तवा चकलांब्याच्या तात्याबाचा व्हता." घरच्या जावयाकडे पैसे मागितले असं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही, मीही मागणार नाही. सालगड्यानं तुम्हाला घोंगडी भेट मिळाली म्हणून सांगितलं असेल. मी आपलं नुसतं कळवतो.

आणखी एक : अर्जुनरावांचे पैसे फेडायचे तर अंजनाचा शेअर मोडावा लागेल, आणि ते माझ्यानं तिला सांगवत नाही. अक्काला एवढंच बघायला सांगा, ओसरीवरच्या घोंगडीच्या काठाला अंजनाच्या खुणेचा एक तांबडा दोरा आहे का. असला तर चाळीस रुपये थेट अर्जुनरावांना मनिऑर्डर करा. पाठवणाऱ्याचं नाव मात्र नको, जावयाची अब्रू आहे. त्या जागी बैलाचं वर्णन लिहा, ते ओळखतील.