गोदाआत्या, तू विचारलेला शब्द

प्रिय गोदाआत्या,

काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले आणि मी वही घेऊन बसले. तुझ्याशी बोललेलं एक खोटं मला काही केल्या गिळवत नाही.

परातीतल्या ज्वारीच्या पिठावर बोट धरून तूच मला अक्षरं शिकवलीस. शाळा त्यानंतरची. "येत नसलं तं नाही म्हन. येत असून नाही म्हनू नको," हा तुझा दंडक. चुलीपुढून तुझ्या घरातली वांकिडीवाली ओरडायची, "मास्तरीनबाई, भाकरीपुरतं पीठ तं ठेवा!"

आठवतं? गेल्या दिवाळीत तुम्ही दोघी वाती वळत बसला होतात. तू एकदम विचारलंस, "काऊन वं रेणू, येवढी शिकली तू. आमच्यासारक्या दोघी बाया संसार करतात, त्याईले काई नाव हाय का तुह्या पुस्तकात?"

"नाव काहाले पायजे?" वांकिडीवाली म्हणाली. "गावानं कमी ठेवली का?"

तुम्ही दोघी खदखदून हसलात. मी खाली बघत म्हणाले, "माहीत नाही, आत्या."

माहीत होतं गं! आदिलाबादला होस्टेलवर, पांघरुणात मोबाइल धरून मी तो शब्द कितीदा वाचला होता. स्वतःसाठी. तो माझ्या तोंडून आला असता तर तू लगेच ओळखलं असतंस. तुझी कसली भीती वाटली मला?

आता ऐक. शब्द आहे लेस्बियन. बाईवर जीव जडलेली बाई. दूर ग्रीस देशात लेस्बॉस नावाचं बेट आहे, तिथल्या माणसांना लेस्बियन म्हणतात. फार पूर्वी तिथे एक कवयित्री होती, बायांवरच्या प्रेमाच्या कविता करायची. तिच्यामुळे पुढे तिच्या गावाचं नाव अशा सगळ्याच बायांना मिळालं. आपल्या बेल्यात माझ्या आईला माहेरच्या गावावरून हत्नूरवाली म्हणतात ना, तुझ्या तिला वांकिडीवाली, अगदी तसंच. एका गावाच्या नावाला मी एवढी घाबरले!

तू म्हणाली असतीस, "मंग आमी बेटावाल्या म्हन की!"

काल मात्र कोणी हसलं नाही. चंद्रपूरच्या पाहुण्यांनी विचारलं, "या बाई कोण लागतात?" बाबा पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. वांकिडीवालीनं पदर सावरला आणि म्हणाली, "मी तं शेजारीन आहो." वीस वर्षं तुझ्या चुलीवर भाकरी थापणारी शेजारीण? तुझ्या फोटोला हार घालायलाही ती पुढे आली नाही. मागे दाराशी उभी राहिली.

मी दिवाळीतच शब्द सांगितला असता, तरी चारचौघांत ती तेच म्हणाली असती का? असेलही. पण मग निदान मनातल्या मनात तरी तिला ठाऊक असतं, आपण तुझी कोण ते.

उद्या सकाळी मी तिच्याकडे जाईन. परात मागेन, पीठ पसरेन, आणि तिचं बोट धरून तो शब्द लिहून घेईन. तिनं विचारलं, "मंग आता बेल्यात मी येकटीच उरली का वं?" तर या वेळी येत असून नाही म्हणणार नाही, आत्या. दुसरी मी आहे, असं सांगेन.

तुझ्या परातीवर शिकलेली,
रेणू