मधला तुकडा

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. बहुतेक वेळा.

तू विचारलंस, मी दिवसभर करते काय. पेशीत आरएनए नावाचा धागा असतो. त्याच्या मध्येच एक नको असलेला तुकडा येतो. तो काढून दोन्ही बाजू जोडाव्या लागतात. हे काम प्रथिनंच करतात, असं मी धरून चालले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी प्रथिन म्हणून दिलेलं नळीत घातलं, तुकडा सुटला, मी खूश. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "ते नुसतं पाणी होतं. नव्या माणसाला मी तेच देते."

काही धाग्यांत तो तुकडा स्वतःच घडी घालतो, स्वतःला कापून घेतो आणि निघताना शेजारच्या दोघांना जोडून जातो. थोडे क्षार आणि एक चिमुकला रेणू मिळाला की झालं. कात्री लागतच नाही.

मला तू आणि दादा आठवलात. दादाने नोकरी सोडल्यापासून तुमचा अबोला. "त्याला सांग", "तिला विचार", मधे मी, सगळं माझ्यामार्फत. निघताना तोच घोर होता. पण रविवारी फोनवर मागून त्याचा आवाज आला, "आई, चहा गार होतोय." तुलाच म्हणाला ना?

सुटलेला तुकडा लगेच विरत नाही हं. आपलीच टोकं जुळवून कडं होऊन राहतो काही काळ.

गुडघा कसा आहे? दादाला माझा नमस्कार सांग. आता निरोप पोचवायचं काम तुझं.

तुझी,
धाकटी