घरच्यांचं म्हणणं

३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. नोकरी कशी चाललीय, असं वहिनीने विचारलं होतं. तिला सांग, नोकरी उत्तम आहे, फक्त तीत काम नाही.

मला घेतलं शिवणकामासाठी. अपंगांच्या मदत केंद्रात वर्षभर मी मोठ्या मशीनवर हात बसवला, हे तू पाहिलं आहेस. पायपट्टी मला दाबता येत नाही, म्हणून कोपराने दाबायचा खटका लावून सरळ टीप मारायला शिकले, अगदी रेक्झिनवरसुद्धा. हा कारखाना बसगाड्यांच्या आणि नाट्यगृहांच्या खुर्च्यांची कव्हरं शिवतो. मला वाटलं, जमलं एकदाचं. पण रुजू झाल्यापासून सुपरवायझरने मला दारापाशी टेबलामागे बसवलंय. येणाऱ्याला पाणी द्यायचं, आत कुणाला भेटायचंय ते विचारायचं आणि हसायचं. मालक पाहुणे घेऊन आले की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, आम्ही अशांनाही सामावून घेतो. मी तिथेच बसलेली असते, दादा, दोन्ही कान शाबूत.

काचेपलीकडे मशिनं चालू असतात. माझ्यानंतर आलेली मुलगी उसवतेय आणि पुन्हा शिवतेय, निदान शिकतेय तरी. मी मात्र शोभेची बाहुली. सुपरवायझरला विचारलं की बघू म्हणतो आणि माझ्या कुबड्यांकडे बघतो. एक दिवस त्याला चांगला फैलावर घेणार आहे.

पोरांना पापा. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी हसली आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तुझ्या नाकावरचा राग भाड्याने राहत नाही, मालकीच्या घरात राहतो, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

अगं, इथे मी दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली शिरून गळके नळ बसवतो. पाठीचा पार खुळखुळा झालाय. मला कुणी पंख्याखाली टेबलामागे बसवलं तर मी त्याचे पाय धरीन. पगार वेळेवर मिळतो, जिवाला धोका नाही, आणखी काय हवं? सुपरवायझरशी उगाच वाद घालू नकोस. माणूस भला आहे. थोडा धीर धर. धाकटा तुझ्यासारखाच पाय आपटून रडतो, बाकी सगळे मजेत.

जपून राहा आणि आमच्यावर माया ठेव.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

आज मायना नाही.

केंद्राच्या सल्लागार बाई आज कारखान्यात आल्या होत्या. नोकरीला लावून दिलेलं माणूस कसं आहे ते त्या बघून जातात. त्यांनी माझ्यासमोरच सुपरवायझरला विचारलं की खटका परत का पाठवलात. मला तर तो आलाच होता हे ठाऊक नव्हतं! केंद्राने खटका पाठवला होता, तो बसवायला माणूस पाठवला होता, आणि पहिला महिना माझ्या शेजारी बसायला एक प्रशिक्षकही देऊ केला होता. त्यांनी मलाच नव्हे, सुपरवायझरलाही शिकवलं असतं. सगळा खर्च केंद्राचा. या भल्या माणसाने सगळं दारातूनच माघारी धाडलं. कारण काय, तर म्हणे घरच्यांचं म्हणणं तसं होतं. कोण घरचे, असं मी विचारलं. तर म्हणाला, तुमचे मोठे भाऊ. मी रुजू व्हायच्या आधीच तुझा फोन गेला होता, की हिला मशीनवर बसवू नका, कुठेतरी नुसतं बसवून ठेवा, आणि तिला यातलं सांगू नका.

तळपायाची आग मस्तकात गेली. बघ, पाय अगदीच कुचकामी नाहीत.

इतके दिवस त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो तर नुसता तुझं ऐकत होता. मी चौतीस वर्षांची बाई आहे. तुम्ही दोघा पुरुषांनी माझा परस्पर निकाल लावलात, आणि वर तू मला लिहितोस, धीर धर. लाज कशी वाटली नाही तुला?

लोभ तूर्त बाजूला ठेव. उत्तर दे.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

हो, केला फोन. तुला सांगितलं नाही, ते चुकलं. पण केला ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, आणि तू कितीही तोंड टाकलंस तरी वाटणार नाही.

केंद्रात शिकताना तुझ्या हाताला टाके पडले, तेव्हा दवाखान्यात तुझ्याजवळ मी होतो. तुझ्या सल्लागार बाई नव्हत्या. शाळेचे जिने तुला पाठीवर घेऊन कुणी चढवले? कारखान्यात आणखी काही झालं असतं तर निस्तरायला मालक आले असते, की मी? ज्याचा जीव टांगणीला लागतो त्याने दोन शब्द बोलायचेही नाहीत का?

वहिनी माझ्याशी धड बोलत नाहीये. ती म्हणते की तिने मला तेव्हाच बजावलं होतं. तुला एवढं मशीनच हवं असेल तर उद्या फोन करून सांगतो, बसवा म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे. मग तरी राग सोड.

दादा


२ मार्च

दादा,

फोन करायचा नाही.

सुपरवायझरही हेच म्हणतो, भावाला एकदा सांगू द्या, लगेच बसवतो. तुमचं दोघांचं छान जमतं. तुझ्या नको म्हणण्याने टेबल मिळालं, आता तुझ्या हो म्हणण्याने मशीन मिळणार, तर मग माझ्या बोलण्याला काय किंमत राहिली? शाळेचे जिने तू चढवलेस, ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणून काय जन्मभर पाठीवरच बसून राहू?

मी त्याला सांगितलंय, सोमवारी टेबलावर बसणार नाही. मशीन द्या, नाहीतर राजीनामा घ्या. बाई माझ्या बाजूने आहेत, पण मालकावर त्यांचा जोर चालत नाही. ही नोकरी गेली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नाही, हे मलाही कळतं. तरीही तू मध्ये पडलास तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी फोन केला नाही. हात दोनदा गेला, मग वहिनीने फोन काढून स्वतःकडे ठेवला.

पण शनिवारी सुपरवायझरनेच मला फोन केला. तुमच्या बहिणीचं काय करू, म्हणाला. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की बसवून टाका आणि लक्ष ठेवा. मी म्हटलं, तिला विचारा. आणि ठेवून दिला. नंतर जेवण गेलं नाही.

सोमवार उलटून गेला. काय झालं, माहीत नाही. कळवावंसं वाटलं तर कळव.

तुझा,
दादा


१३ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

त्याने विचारलं. सोमवारी सगळ्यांसमोर, अडखळत, मशीन चालवायचंय का म्हणून. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. बाईंनी खटका परत आणवला. प्रशिक्षक शेजारी बसतात, माझ्यापेक्षा सुपरवायझरलाच जास्त दटावतात. मालक काल पाहुणे घेऊन आले आणि रिकाम्या टेबलापाशी घुटमळत राहिले. मी मान वर केली नाही.

आज सुई बोटात घुसली. टाका पडला. सुपरवायझर फोन घेऊनच धावत आला, घरी कळवू का म्हणाला. त्या नव्या मुलीला लागलं होतं तेव्हा तिच्या घरी कळवलं होतं का, असं मी त्याला विचारलं. त्याने फोन खिशात ठेवला. मी मलमपट्टी करून आले आणि हातातलं कव्हर पुरं केलं.

तुला हे कळवते आहे ती मी, स्वतः. धावत येऊ नकोस. माझा राग अजून गेलेला नाही.

लोभ असावा, तूर्त लांबूनच असावा.

तुझी,
भिंगरी