शाल्मलीच्या यंत्रातला दोष

मल्लेश्वरम, बेंगळूर
९ सप्टेंबर १९९७

ती. मथुराअक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून खुर्चीतूनच घालतो. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इथे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे श्यामला खुशाल आहे, शाल्मली नाचते आहे आणि मी थकलो आहे.

रिटायर माणूस कशाने थकतो, असं तू विचारशील. अक्का, मी विज्ञानाने थकलो. तुझ्या भाचीने आठ वर्षं भरतनाट्यम केलं, मग इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, आणि दोन्हींपैकी एक काहीतरी धर असं सांगायला गेलो तर तिने दोन्ही एकत्र करून कंपनी काढली. (कंपनी म्हणजे चार नाचणारे, एक कॉम्प्युटर आणि मी.) तालीम आमच्याच गच्चीवर. कारखान्यात तेहतीस वर्षं मोजमापाची यंत्रं जुळवली हा माझा गुन्हा, त्यामुळे सगळं सोल्डरिंग माझ्याकडे. दिवसातून सहा वेळा गच्ची चढायची. दहाव्या पायरीवर दम लागतो, मग मी कठड्याला टेकून मोगऱ्याच्या कुंड्या बघत उभा राहतो. श्यामला म्हणते, अलीकडे तुम्हाला फुलांची फार आवड लागली.

नव्या नाचाचं नाव 'स्पंदन'. त्यात मृदंग नाही, पेटी नाही. नाचणाऱ्याच्या छातीला मायक्रोफोनचा पट्टा बांधायचा, त्याची वायर कॉम्प्युटरला, आणि हृदयाचे ठोके मोठ्या स्पीकरमधून सभागृहभर. ठोका पडला की दिवा उजळतो आणि चौघे पाऊल टाकतात. कल्पना छान. पण पट्टा होता चौघांतल्या वेदांतला. तो घामाने असा भिजे की पट्टा घसरून पोटावर येई आणि स्पीकरमधून त्याच्या सकाळच्या इडल्या ऐकू येत. शिवाय वायर चाळीस फूट. एकदा त्याने गिरकी घेतली आणि अंजली त्यात गुंडाळली गेली (तिला सोडवायलाही मीच). शेवटी शाल्मलीने तोड काढली, की पट्टा अप्पा बांधतील आणि पडद्यामागे खुर्चीवर नुसते बसतील. या घरात नुसतं बसायला मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी लगेच हो म्हटलं.

तीस ऑगस्टला बनशंकरीच्या एका सभागृहात कार्यक्रम झाला. पहिली वीस मिनिटं चौघे माझ्या ठोक्यांवर सुरेख नाचले. (मला मनातून अभिमान वाटत होता. माझ्या तालावर घरचं कुणी कधी चाललेलं नाही.) मग एक ठोका आलाच नाही. चौघांचे पाय हवेत, दिवा मंद. त्यानंतर दोन ठोके घाईघाईने एकदम आले आणि अंजली वेदांतवर आदळली. असं सात वेळा. लोकांना ते फारच आधुनिक वाटलं, टाळ्याही पडल्या. पण पोर आत येऊन रडली. मी म्हटलं, अगं, वायर सैल असेल.

तेव्हापासून ती रोज यंत्र उघडते आणि दोष सापडत नाही. आता म्हणते, मैसूरचा कार्यक्रम रद्द, कॉम्प्युटर परत, लहान मुलींच्या शिकवण्या घेते. मी शेजारी बसून उगाच स्क्रू फिरवतो. फार थकायला होतं, अक्का.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
सूर्यकांत

ता. क. येताना धारवाडचे पेढे आणू नकोस. मला गोड, तूप सगळं बंद झालं आहे.

ता. क. २. 'येताना' लिहिलं, कारण तू यायला हवंस. कार्यक्रमाला आमचे डॉ. शेषगिरी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या चालू असतानाच ते आत आले. "बरं, नाच चांगला झाला. ते हृदय कुणाचं?" मी तेव्हा पट्टा सोडत होतो. तपासण्या झाल्या (घरी सांगितलं, स्क्रू आणायला जातो). बावीस तारखेला ऑपरेशन आहे. श्यामलेला ठाऊक नाही. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, म्हणून हे पत्र. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा अण्णांना तूच सांगितलं होतंस, हेही तूच सांग. मला भीती वाटते आहे.

ता. क. ३. पण श्यामलेच्याही आधी शाल्मलीला गच्चीवर ने. गुडघे दुखले तर मोगऱ्यापाशी थांब, तिथे कठडा चांगला आहे. तिला एवढंच सांग, की वायर सैल नव्हती. तिच्या यंत्राने जे ऐकलं, ते बरोबर ऐकलं.