फाट्यावरचा शेंदरी दगड

१२ नोव्हेंबर १९८८

कौसाबाई गेली. पालेगाव फाट्यावर टँकरने उडवली. हातातली दुधाची पिशवी तशीच राहिली – फुटलीसुद्धा नाही.

रोज सकाळी आमच्या वस्तीतली सगळी पोरं हीच बाई रस्त्यापलीकडे शाळेत सोडायची. पदर कमरेला खोचून मधोमध उभी राहायची आणि ड्रायव्हरांना शिव्या घालायची. आज एकटीच होती. हवालदार म्हणतो, "बाई मध्ये आली." मध्ये म्हणजे कशाच्या मध्ये? बाजूला व्हायला फुटपाथ आहे कुठे? इकडे गटार, तिकडे बुधाजीच्या शेताचा बांध. माणसाने चालायचं कुठून?

सुजाता विचारते, उद्या आम्हाला कोण सोडणार. माझी सात वर्षांची पोर. काय सांगू तिला?

१६ नोव्हेंबर

कंपनीत अर्धी रजा टाकून रस्त्यांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, ब्रेकर पाहिजे, फुटपाथ पाहिजे, एक दिवा पाहिजे. साहेब म्हणाले, "निधी नाही." एका ब्रेकरला असं किती डांबर लागतं? तर म्हणे, "बाई, प्रस्ताव वर जाईल, मंजुरी येईल, मग बघू." डोक्यावर पंखा नवा कोरा. त्याला बरा निधी आला!

नाना म्हणाले, पोरीला मी सोडीन. नाना म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच असतात. गुडघे धरलेले, डोळ्यात मोतीबिंदू. आता दोघांची काळजी.

१ डिसेंबर

पुन्हा ऑफिस. साहेब रजेवर.

९ डिसेंबर

डोकं फिरलंय नुसतं. सकाळी फाट्यावर बघते तर जांभळीखाली, कौसाबाई पडली बरोब्बर तिथे, दगड. शेंदूर थापलेला. वर झेंडूची माळ. कालपर्यंत तिथे काही नव्हतं.

आणि टँकर थांबला! म्हणजे अगदी थांबला नाही, पण हळू झाला. ड्रायव्हरने हात कपाळाला लावला, मग पुढे गेला. त्याच्या मागचाही तसाच. अरे, जिवंत बाई दिसली नाही तुम्हाला, दगड दिसला? एवढी वर्षं ती घसा फोडून ओरडत होती, तिच्यासाठी नाही कुणाचा पाय ब्रेकवर गेला.

हे काम बुधाजीचं. शेत त्याचं, बांध त्याचा. उद्या विचारतेच.

१० डिसेंबर

विचारलं. बुधाजी म्हणाला, "ताय, मी नाय ठेवला. आमची गावदेवी गावान हाय. पन आता बसलाय त बसलाय, देवाला उठ कोन सांगल?" मागे त्याची बायको पुतळाबाई, हातात उदबत्तीचा पुडा! खोटारडा माणूस.

घरी येऊन नानांसमोर ओकले सगळं. म्हटलं, तुम्ही दीक्षा घेऊन आलात आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडलेत, आजी रडत होती तरी. आणि आता आपल्या वस्तीच्या तोंडाशी हे? नाना शेंगा सोलत होते. म्हणाले, "गाड्या हळू होतात ना?" एवढंच. मला इतका संताप आला! वय झालं की माणूस असा सैल पडतो का?

२८ डिसेंबर

खोबरेल तेलाची बाटली पुन्हा संपली. नानांच्या टकलाला लागतं तरी किती?

८ जानेवारी १९८९

दगडावर पत्रा चढला. ड्रायव्हरांनीच घातला. 'ब्रेकवाले बाबा' म्हणतात त्याला. घंटाही आली. सुजाता जाता-येता वाजवते. आज एक धपाटा घातला तिला. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

३ फेब्रुवारी

निधी मंजूर! फुटपाथ, दोन्ही बाजूंना ब्रेकर, दिव्याचा खांब. साहेबांनी स्वतः सांगितलं. मार्चअखेर काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर पैसे परत जातात. होईल की. गल्लीत पेढे वाटले. कौसाबाईच्या लेकाला दोन दिले तर तो तोंड फिरवून उभा राहिला.

१५ फेब्रुवारी

इंजिनियर आला. टेप सोडली, मोजत मोजत जांभळीपाशी आला आणि टेप गुंडाळली. "इथे देवस्थान आहे. फुटपाथ इथूनच जातो. आम्हाला हात लावता येणार नाही, लोकांच्या भावना दुखावतील."

देवस्थान! म्हटलं, साहेब, हा दगड डिसेंबरात आलाय. माझ्या डोळ्यांदेखत. तर म्हणतो, मग ज्याने ठेवला त्याच्याकडून लिहून आणा की मी ठेवला आणि मीच काढून नेतो. नाहीतर निधी परत. दुसरीकडे मागणाऱ्यांची रांग लागली आहे म्हणे.

ज्या बाईला जिवंतपणीच फुटपाथ मिळायला हवा होता, तिच्या जागेवर आता दगडामुळे फुटपाथ होणार नाही. डोकं आपटावं कुठेतरी.

बुधाजीकडे गेले. "ताय, माझा नाय त मी कसा लिवून देऊ?" चक्क हात जोडले त्याने. एक ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, बाबा का स्थान है, हाथ मत लगाना." म्हणजे देव सगळ्यांचा आणि ठेवणारा कुणीच नाही.

५ मार्च

विहारात मीटिंग. पोरं तापलेली – दगड उचलून गटारात टाकू म्हणतात. मी म्हटलं, टाका! मग भीमरावकाका उठले, वस्तीतले सगळ्यात जाणते. म्हणाले, "आपल्यातल्या कुणी हात लावला की उद्या गाव विरुद्ध वस्ती होईल. केस कुणावर पडणार ते मी सांगायला नको." खरं होतं ते. म्हणून आणखीच चीड आली.

मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर बोलले – ज्याने हा दगड ठेवला त्याने कौसाबाईला दुसऱ्यांदा मारली. उद्या माझी पोर गेली तर तिचं पापही त्याच्याच माथी.

नाना उठून बाहेर गेले. चप्पल न घालताच. माझा आवाज चढला म्हणून त्यांना लाज वाटली असेल. वाटू दे.

६ मार्च

सकाळी दार उघडलं तर नाना. छातीशी दगड धरलेला, सदरा शेंदराने भरलेला. धापा टाकत होते. मागे बुधाजी उभा, तुटलेली माळ हातात घेऊन. म्हणाला, "मी आडवला नाय ताय. नानांनी ठेवला, नानांनीच काढला. गावाला मी सांगतो."

नाना म्हणाले, "साहेबाला लिहून पाहिजे ना? लिही. मला दिसत नाही गाडी कुठवर आली ते. पोरीचा हात धरून पलीकडे न्यायची होती मला. गाडी हळू व्हायला पाहिजे होती."

मी लिहिलं. नानांना सही येत नाही. अंगठ्याला शाई लावायला घेतली, तर तो आधीच शेंदरी होता.