लाल भाग, पांढरा भाग

संक्रांतीचा दुसरा दिवस, १९८१. सांज.

मी सांगून राह्यली, नात कुंदा लिहून राह्यली. अक्षर तिचं, जळफळाट माहा.

आज कुंदा कॉलेजच्या भूगोलाचा नकाशा रंगवत होती. इटली म्हणे. "आजी, युरोपातले देश मिळून निधी जमवतात. मंग देशाचे भाग पाडतात. हा लाल भाग मागास, याले जास्त मदत. पांढऱ्याले कमी."

मी म्हटलं, "मंग 'आम्ही धड आहो' असं कोणता भाग म्हणन?"

तेवढ्यात अल्लीपूरहून माही धाकटी जाऊ आली. उंबऱ्यावरच कण्हली, "माय वं, गुडघे गेले!" झालं. कुंदानं रंग टाकले, वाटीत तेल कोमट केलं अन् घंटाभर तिचे पाय चोळले.

चाळीस वर्षांपासून हेच. सासूबाई म्हणत, "धाकटी नाजूक, तिले साय द्या. मोठी काय, दगड आहे." अन् मी येडी त्या 'दगड' म्हणण्यावर गर्वानं फुगत होती! गुडघे तर माहेही दुखतात. पण बोलली नाई कधी. काऊन बोलली नाई? म्हणून पांढरीच राह्यली.

ती तेलाची वाटी काही डोळ्यापुढून हटत नाई.

कुंदा हसून राह्यली. हास, पण लिहिजो: तुही आजी आजपासून मागास. लिहिलं? मंग पेन ठेव अन् तेल आण. तिच्या वाटीतलं उरलेलं नको. नवं गरम कर.