उरलेल्या रंगाची गोष्ट

प्रिय धाकट्या,

खुशाली वगैरे मागाहून. आधी बातमी, कारण माझ्याच्यानं आता धीर धरवत नाही. तुझी लेक, आपली खार, वाचते आहे. मोठ्यानं, भर रस्त्यात, माणसं गोळा करून. तुला खोटं वाटेल, मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

सुट्टी लागली आणि तू तिला माझ्याकडे सोडायला आलास, तेव्हा तुझं तोंड तिच्यापेक्षा लहान झालं होतं. पुस्तकांची पिशवी माझ्या हातात कोंबलीस आणि दाराआड नेऊन म्हणालास की ताई, काहीही कर, पण हिला वाचायला लाव. वर्गात धडा वाचताना ती अडखळली, पोरं हसली, आणि तेव्हापासून पुस्तक समोर आलं की ही तोंडाला कुलूप लावते. रोज जेवणं उरकली की तू तिला घेऊन बसायचास आणि शेवट रडारडीत व्हायचा. मी सगळं ऐकून मान डोलावली, आणि तुझी पाठ वळताच पिशवी माळ्यावर टाकली. रागावू नकोस. पाट्या रंगवणाऱ्या बाईकडे पोर धाडलीस, तर ती तिच्या हातात ब्रशच देणार.

माझ्या कारखान्याची तऱ्हा तुला ठाऊक आहे. वर पत्रा, खाली मी, मधे टर्पेंटाइनचा वास. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापतो की पाटीवरचा रंग ब्रश उचलायच्या आत सुकतो, म्हणून काम सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. दिवस संपला की वाट्यांमध्ये थोडा थोडा रंग उरतो. तो डब्यात परत ओतला तर डबा नासतो आणि फेकून द्यायला माझा हात धजत नाही. म्हणून मी तो रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर काहीबाही गिरवून संपवते आणि सकाळी त्यावर पांढरा हात मारते. ते काम मी खारीला देऊन टाकलं. म्हटलं, रंग संपेपर्यंत काय वाटेल ते लिही, मी बघायलासुद्धा येणार नाही.

तिनं काय लिहावं? ‘गोंधळ’. मी विचारलं, हाच शब्द का गं? तर म्हणे ळ काढायला मजा येते, ब्रश दोनदा गोल फिरतो. मग काय, दुसऱ्या दिवशी खळखळ, तिसऱ्या दिवशी मुळमुळीत. आम्ही दोघी जेवताना ळ असलेले शब्द शोधायला लागलो आणि भाजी गार व्हायला लागली. अरे, इतकी वर्षं मी अक्षरांवर पोट भरते, पण ‘येथे वाहने लावू नयेत’ याच्या पलीकडे माझं साहित्य कधी गेलं नव्हतं. शब्द तोंडात घोळवून बघायचे असतात हे मला या वयात तुझ्या लेकीनं शिकवलं.

शब्दांचं वाक्य झालं आणि वाक्यांची गोष्ट. चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ उकाड्याला कंटाळून सुट्टीवर निघून जातं, आणि गावात कुणाला भूक कधी लागावी तेच कळेनासं होतं. रोज एक वाक्य, उरलेला रंग पुरेल तेवढंच. मी रोपवाटिकेची पाटी केली त्या दिवशी हिरवा भरपूर उरला, तर घड्याळ रानात शिरलं. नुसता काळा उरला की गोष्टीत रात्र पडायची. एकदा लालचा जेमतेम थेंब होता, तेव्हा ती एवढंच लिहू शकली, ‘पकडा’. त्या एका शब्दानं सगळी गल्ली रात्रभर टांगणीला लागली.

हो, गल्ली. जाता-येता लोक थबकायला लागले होते. इस्त्रीवाली तर शेगडी सोडून यायची. आणि शेजारचे घड्याळजी, ते मिशाळ, त्यांनी गोष्ट फारच मनाला लावून घेतली होती, कारण पळालेल्या घड्याळाच्या मागावर जो माणूस निघाला त्यालाही मिशा होत्या.

एकदा ते दुकान लवकर बंद करून गेले आणि त्यांचं एक वाक्य हुकलं. सकाळी येऊन बघतात तो भिंत पांढरी. मी समोर शिंप्याच्या दुकानावर शिडीवर चढलेली, दातात ब्रश, मला बोलता येईना. त्यांनी खारीला विचारलं. ती शिडीकडे बघायला लागली. त्यांनी विनवण्या केल्या, तेव्हा तिनं खडू घेऊन वाक्य फरशीवर लिहून दिलं. तर हे गृहस्थ चष्मा घरी विसरलेले. म्हणाले, बाई, मला यातलं अक्षर दिसत नाही, आता तूच वाच, नाहीतर माझा आज एकही काटा जागेवर बसायचा नाही.

धाकट्या, ती वाचायला लागली. ‘ओढ्याचं पाणी’ इथपर्यंत आली आणि ‘खळखळ’पाशी अडली. मी शिडी घट्ट धरली. घड्याळजी हसले नाहीत. त्यांना वाटलं, पोरगी मुद्दाम ताणून धरते आहे. मिशीवरचा हात तसाच, डोळे मोठे करून ते म्हणाले, मग? पुढे? सांग की लवकर. खारीनं त्यांच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि शब्द काढला. त्यांनी अशी टाळी वाजवली की इस्त्रीवाली धावत आली, आणि तिच्यासाठी सगळं पुन्हा वाचावं लागलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वाचन. अडते ती अजूनही, पण आता थांबली की लोक पुढे सरकतात, आणि ही लबाड कधीकधी उगीचच थांबते. माळ्यावरची पिशवी तिनंच उतरवली. दुपारी आम्ही दोघी फरशीवर पालथ्या पडून वाचतो, एक पान तिचं, एक माझं. मला इतकं मोकळं हसू कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

परवा मी विचारलं, बाबाला वाचून दाखवशील? ती बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग म्हणाली, बाबा मधेच शब्द सांगतात. एवढंच. तुझ्यावर रुसवा नाही रे तिचा. तू घाई करतोस ती मायेपोटी, तिलाही ते कळतं. पण सगळी गल्ली जिंकलेली पोर तुझ्या नावानं बिचकली, ते मला बघवलं नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर सगळं दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण मी ते लिहिलं, मोठ्या अक्षरात लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि खारीला बजावलं की घरी पोचलीस की बाबाला समोर बसव, पाकीट तू फोड आणि त्याच्या हातात देऊ नकोस. वर्गातली गोष्ट लिहू का, एवढं तिला विचारलं होतं. लिही म्हणाली. बाकीची एकही ओळ तिनं आधी पाहिलेली नाही. म्हणजे इतका वेळ तू जे ऐकतो आहेस, ते ती तुझ्यासमोर पहिल्यांदाच वाचते आहे. जिथं थांबली असेल तिथं तू गप्प राहिला असशील, तर शाबास तुझी. आता फक्त माझी सही उरली आहे. डोळे भरून आले असतील तर तेवढी होईपर्यंत दम धर, नाहीतर आपलं कुठं चुकलं म्हणून ती मागची ओळ शोधत बसेल.

तुझीच,
ताई